लाटणे मोर्चा ते भारत बंद : महागाईविरोधी आंदोलनांतून जनतेला काय मिळते?

भाववाढीचा चटका बसू लागला की मोर्चे निघतात, चौकाचौकांत निदर्शने होतात आणि एखादा राजकीय पक्ष 'बंद'ची हाक देतो. अशा वेळी दोन प्रतिक्रिया हटकून ऐकू येतात. रस्त्यावर उतरल्याखेरीज सरकारला जाग येत नाही, असे काही जण म्हणतात. घोषणा देऊन भाव कधी उतरले आहेत का, असा इतरांचा सवाल असतो. दोन्हींत तथ्य आहे. पण ते नेमके कोठे आहे, हे जाणून घ्यायचे तर सरसकट निवाडा करण्याऐवजी प्रत्यक्ष आंदोलनांचा हिशेब मांडावा लागतो.

भाव वाढण्याची कारणे एकाच प्रकारची नसतात. पाऊस दगा देतो, आंतरराष्ट्रीय बाजारात खनिज तेल महागते, रुपयाचे मूल्य घसरते, शासन उत्पन्नापेक्षा अधिक खर्च करते. यांपैकी कोणतीही गोष्ट मोर्चाने एका दिवसात बदलत नाही. मात्र साठेबाजी, शिधावाटपातील ढिलाई, कराचा बोजा आणि भाववाढीच्या मानाने न वाढणारी मजुरी, या गोष्टी शासनाच्या आणि मालकांच्या हातातील असतात. आंदोलनाला यश आले आहे ते बहुधा या दुसऱ्या क्षेत्रात.

मुंबईतील १९६३चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता ग्राहक किमतींच्या निर्देशांकाशी जोडलेला होता आणि त्या निर्देशांकाचा पाया १९३३-३४ सालचा होता. बाजारातील भाव भडकत असताना निर्देशांक मात्र त्या प्रमाणात हलत नाही, अशी कामगार संघटनांची तक्रार होती. असंतोष वाढल्यावर राज्य शासनाने अर्थतज्ज्ञ डॉ. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निर्देशांक प्रत्यक्ष भाववाढ कमी दाखवीत असल्याचा निष्कर्ष समितीने काढला आणि भत्त्याच्या गणितात दुरुस्ती करावी लागली. भाव उतरले नाहीत, पण भाववाढीची भरपाई देताना होणारा अन्याय दूर झाला. मागणी आकडेमोडीइतकी नेमकी होती, हेच या यशाचे मर्म.

लाटण्यांचा धाक

१९७२च्या भीषण दुष्काळात धान्य, खाद्यतेल, साखर आणि रॉकेल यांची टंचाई झाली. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी अशा भिन्न पक्षांतील स्त्रिया एका व्यासपीठावर आल्या. थाळ्या वाजवीत आणि लाटणी उगारीत निघालेले गृहिणींचे मोर्चे हे या चळवळीचे वैशिष्ट्य ठरले. शिधापत्रिकेवर जीवनावश्यक वस्तू ठरलेल्या भावाने आणि पुरेशा मिळाव्यात, साठेबाजांवर कारवाई व्हावी, या तिच्या मुख्य मागण्या होत्या. मंत्र्यांना घेराव घालणे आणि दडवलेले साठे उघडकीस आणणे ही तिची हत्यारे.

या मोर्चांनी महागाई रोखली, असे म्हणता येणार नाही. १९७३च्या अखेरीस जागतिक तेलसंकट कोसळले आणि १९७४मध्ये देशातील भाववाढीचा दर २० टक्क्यांच्या वर गेला. चळवळीचे श्रेय वेगळे आहे. टंचाईच्या काळात उपलब्ध माल गरिबापर्यंत पोहोचतो की नाही, यावर तिने जागता पहारा ठेवला. रांगेत तासन् तास उभ्या राहणाऱ्या स्त्रीचा प्रश्न तिने राजकारणाच्या मध्यभागी आणला. शिवाय या आंदोलनाने कोणाची रोजी बुडवली नाही.

सरकार गेले, भाव राहिले

त्याच सुमारास शेजारच्या गुजरातेत वेगळा प्रयोग घडला. डिसेंबर १९७३मध्ये अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील वसतिगृहात खाणावळीचे बिल वाढले. त्यातून पेटलेल्या नवनिर्माण आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे बळी गेले आणि ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे विधानसभाही विसर्जित झाली. राजकीयदृष्ट्या हा विजय मोठा होता. पण खाद्यतेलाचे भाव राजीनाम्याने खाली येणार नव्हते. जुलै १९७४मध्ये केंद्र सरकारने वाढीव पगार आणि वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीच्या ठेवीत अडकवली. अशा कठोर उपायांना पुढे चांगल्या पिकांची साथ मिळाली, तेव्हा कोठे भाववाढ आटोक्यात आली. म्हणजे महागाई रोखण्याच्या उपायाचा भारही पुन्हा पगारदारावरच पडला.

पुढील काळात 'बंद' हे विरोधी पक्षांचे आवडते अस्त्र बनले. जून २०१०मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. डिझेल, रॉकेल आणि स्वयंपाकाचा गॅसही महागला. ५ जुलै रोजी विरोधकांनी भारत बंद केला. वाहतूक थांबली, दुकाने मिटली, पण दरवाढ मागे घेण्यात आली नाही. मे २०१२मध्ये पेट्रोल एकदम साडेसात रुपयांनी महागले, ३१ मे रोजी पुन्हा बंद झाला आणि जूनच्या आरंभी दर सुमारे दोन रुपयांनी उतरला. हे बंदचे यश म्हणावे, तर त्याच काळात आंतरराष्ट्रीय बाजारात तेलही स्वस्त झाले होते.

बंदची किंमत मात्र कोणी मोजली, याविषयी संदिग्धता नाही. मासिक वेतन घेणाऱ्याची एक दिवस सुटी झाली. नाक्यावरचा मजूर, फेरीवाला, रिक्षाचालक यांची त्या दिवसाची चूल अडली. ज्यांच्या नावाने बंद, त्यांच्याच खिशातून त्याचा खर्च. न्यायालयांनीही या प्रकारावर ताशेरे ओढले आहेत. सक्तीचे बंद घटनाबाह्य असल्याचा केरळ उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये उचलून धरला. बॉम्बस्फोटाच्या निषेधार्थ जुलै २००३मध्ये मुंबईत पुकारलेल्या बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २००४मध्ये शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपयांचा दंड ठोठावला. निदर्शनाचा हक्क आणि दुसऱ्याला घरात कोंडण्याचा हक्क, यांत न्यायालयांनी रेषा आखली.

'जनता' म्हणजे कोण?

महागाईविरोधी आंदोलनात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही : शहरातील ग्राहक म्हणजेच जनता काय? १९९८मध्ये दिल्लीतील भाजप सरकारच्या पराभवात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा मानला जातो. तेव्हापासून कांदा महागला की कोणत्याही पक्षाचे सरकार धास्तावते. २०१९ व २०२० साली निर्यातबंदी झाली. ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लादले गेले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा निर्यातबंदी आली, ती मे २०२४पर्यंत टिकली. शहरी ग्राहकाला दिलासा मिळाला. पण तो लासलगाव, पिंपळगाव परिसरातील उत्पादकाच्या भावातून वळता झाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८०मध्ये कांद्याच्या रास्त भावासाठी रस्ते अडवले होते. तेही जगण्याच्या खर्चाचेच आंदोलन होते, फक्त तराजूच्या दुसऱ्या पारड्यातले.

'भाव कमी करा' एवढीच मागणी असली की सरकार सर्वांत सोपा मार्ग निवडते आणि बोजा सर्वांत दुबळ्या घटकावर ढकलते. 'शिधा पुरेसा द्या', 'निर्देशांक दुरुस्त करा', 'किमान वेतन महागाईशी जोडा', 'अमुक कर कमी करा' अशी मागणी असेल, तर उत्तर कोणी द्यायचे हे निश्चित होते आणि ते टाळणे अवघड जाते.

म्हणून मोर्चे व्यर्थ ठरवणे योग्य होणार नाही. सरकारी कर्मचाऱ्याला भाववाढीनुसार महागाई भत्ता मिळतो. शेतमजूर, घरकामगार आणि बांधकाम मजूर यांना अशी हमी सहसा नसते. आपली अडचण शासनाच्या कानी घालण्यासाठी त्यांच्यापाशी मतपेटी आणि रस्ता, ही दोनच साधने उरतात. मतपेटी पाच वर्षांनी एकदा उघडते. मधल्या काळातील साधन त्यांच्याच मजुरीवर घाव घालण्यासाठी खर्ची पडावे की त्यांच्या पदरात काही निश्चित टाकण्यासाठी, याचे उत्तर आंदोलन पुकारणाऱ्यांनी आधी द्यायला हवे.