लेकी बोले, सुने लागे

सासूने लेकीला बोलायचे आणि सुनेने ते मुकाट ऐकून घ्यायचे, ही आपल्या घराघरांतली जुनी रीत. रूपककथेचे सारे शास्त्र या रीतीत आले. नाथांच्या भारुडात विंचू चावतो तो कामक्रोधाचा. पण विंचू कोणता, हे नाथ भारुडातच सांगून टाकतात. इतर लेखक गाठ सोडत नाहीत. त्यात त्यांची सोय असते.

कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, सर्वांना पाठ. नाटकात कर्झनचे नाव कुठेही नाही. तो तर १९०५ सालीच मायदेशी परतला होता. तरी कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले, एवढी खूण पुरेशी होती. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी मात्र १९१०च्या आपल्या पुस्तकात या सगळ्याची फोड करून सांगितली. त्याच वर्षी सरकारने नाटकावर बंदी घातली. मला गंमत वाटते ती इथे. पुराणातला कीचक मेला म्हणून कोणते सरकार रागावेल? बंदी घालायची, तर कीचक आपलाच हे आधी कबूल करावे लागते. खाई त्याला खवखवे!

पण वाचकहो, न खाणाऱ्यालाही कधी खवखवते. नोकरीत असताना बँकेच्या गृहपत्रिकेत मी एका वडाची गोष्ट लिहिली होती. त्याच्या सावलीत एकही रोप वाढत नसे. वड म्हणजे आमचे मोठे साहेब. छापून आल्यावर साहेबांनी केबिनमध्ये बोलावले, पाठ थोपटली, ‘निसर्गवर्णन झकास’ म्हणाले. आणि ज्यांनी मला लेजर लिहायला शिकवले, त्या आमच्या हेडक्लार्कनी माझ्याशी बोलणे सोडले. वड आपणच, असे त्यांनी घेतले.

माफी तरी कशी मागावी? ‘तो वड तुम्ही नव्हे’ म्हटले, की मग कोण, हे सांगणे आले. तेवढे धैर्य असते तर वडाची गोष्ट कशाला लिहिली असती?

पुढे ते निवृत्त झाले. निरोप समारंभात हार घालण्याची पाळी नेमकी माझ्यावर आली. त्यांनी मान वाकवली. नजर मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे ठेवली.