न गंजणारी सुरी आणि तिची धार

नागपुरात वर्धा मार्गालगतच्या मनीषनगरात राहणाऱ्या माणसाने समुद्रावरच्या सुरीबद्दल बोलावं, याचं कुणालाही नवल वाटेल. इथून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर! पण माझी धाकटी बहीण रत्नागिरीला दिली आहे. तिच्या सासरी मासेमारीचा धंदा आहे, आणि मिरकरवाडा बंदरात त्यांची बोट लागते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत भाचा आमच्याकडे येतो. असाच एका पावसाळ्यात आला आणि पिशवीतून एक सुरी काढून माझ्या हातात दिली.

म्हणाला, “मामू, ही बघा. टायटॅनियमची. दुबईहून काकांनी पाठवली. दोन वर्षं खाऱ्या पाण्यात आहे, गंजाचा ठिपका नाही. पण हिच्यामुळे माणूस जाता जाता वाचला.”

झालं असं की, जाळं सोडताना एका खलाशाच्या पायाला दोराचा फास बसला. जाळं समुद्रात चाललेलं, दोर ताणलेला. भाच्याने कमरेची सुरी काढून दोरावर चालवली, तर ती नायलॉनवरून नुसती घसरली. शेवटी तांडेलाने मासे कापायचा जुना, तांबडा पडलेला कोयता आणला आणि दोन घावांत दोर तोडला. लखलखती सुरी हरली आणि गंजका कोयता जिंकला. असं का व्हावं?

आपण सगळेच एक गल्लत करतो. गंज न चढणं आणि धार टिकणं हे दोन वेगळे गुण आहेत. लोखंडात थोडा कार्बन मिसळून, तापवून, लोहार त्याला ‘पाणी देतो’. त्याने पातं कडक होतं आणि धार टिकते. पण हवा, पाणी आणि मीठ एकत्र आले की ते गंजतं. त्यावर उपाय म्हणून पोलादात क्रोमियम घालू लागले. इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली असं पोलाद तयार केलं. तेच आपलं स्टेनलेस स्टील. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा अदृश्य पापुद्रा पोलादाला सांभाळतो. मात्र समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी भेदतं आणि पात्याला बारीक खड्डे पडतात.

टायटॅनियमवरही असाच पापुद्रा असतो, पण तो फार चिवट. ओरखडा पडला तर क्षणात पुन्हा भरून येतो. हा धातू १७९१ साली विल्यम ग्रेगर यांना इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत सापडला. गंमत म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळसर वाळूतही इल्मेनाइट नावाचं टायटॅनियमचं खनिज आहे. दुबईहून आलेल्या सुरीचा धातू घराच्या अंगणातच होता म्हणायचा! वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडं जास्त, आणि मिठाची भीती नाही. पण लोखंडासारखं पाणी देऊन हा धातू तितका कडक करता येत नाही. त्यामुळे त्याची धार लवकर दुमडते.

पुढचा धडा मला आमच्या गल्लीत मिळाला. सायकलवर चाक बसवून फिरणारा धारवाला येतो, त्याच्याकडे सुरी दिली. चाकाला लागताच नेहमीच्या पिवळ्या ठिणग्यांऐवजी पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडाल्या, दिवाळीच्या फुलबाजीसारख्या. तो थांबलाच. म्हणाला, “चाचा, ये लोहा नहीं है.” त्याचं निदान अचूक होतं. फटाक्यांत पांढऱ्या ठिणग्यांसाठी टायटॅनियमची पूडच घालतात. पण तेवढ्यात धारेची कड निळी पडली होती. या धातूतून उष्णता फार मंद वाहते, म्हणून घर्षणाची सगळी आच कडेवरच साठते. शिवाय धातू दगडाला चिकटून फाटतो. त्याची पूड पेटूही शकते आणि पेटली तर तिच्यावर पाणी मारायचं नसतं. म्हणून टायटॅनियमला चाक नको. हातानेच धार लावावी.

ती कशी, ते सांगतो. आधी पातं नीट पाहावं. काही सुऱ्यांना एका बाजूने कार्बाइडचा कडक थर दिलेला असतो. तसा असेल तर त्या बाजूला हात न लावता फक्त दुसरी बाजू घासावी. दगड कुरुंदाचा किंवा हिऱ्याच्या कणांची पट्टी घ्यावी. कुरुंद आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात सापडतो, आणि इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द भारतातूनच तिकडे गेला आहे. दगड ओला ठेवावा. सुरी आधी दगडावर उभी धरा, मग अर्धी कलवा, मग पुन्हा अर्धी. झाला साधारण बावीस अंशांचा कोन. या मऊ धातूला याहून पातळ धार देऊ नये.

हात हलका ठेवावा. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूला धातूची बारीक कड वळते. पात्याच्या मधल्या भागाकडून धारेच्या बाहेर अंगठा अलगद सरकवला की ती अडखळते. धारेच्या लांबीवर बोट कधीही फिरवू नये. मग दुसरी बाजू घासावी आणि शेवटी आलटून पालटून, अगदी हलक्या हाताने ती कड काढून टाकावी. इथेच बहुतेकांची फसगत होते. ही वळलेली कडच धार वाटते, आणि पहिल्याच कामात ती मोडून पडते. दोर कापायचा असेल तर धार आरशासारखी गुळगुळीतही करू नये, थोडी खरखरीत बरी. करवतीसारखे दाते असतील तर गोल हिरकणी सळईने एकेक दाता वेगळा घासावा.

धार लावणाऱ्यांना आपल्याकडे शिकलगार म्हणतात. सांगली-कोल्हापूरकडे ते आडनावही आहे. मुळात हा शब्द अरबी ‘सैकल’वरून आला, म्हणजे घासून लख्ख करणं. जुन्या काळी आरसे धातूचे असत, त्यांना गंज चढे आणि ते सैकल करावे लागत. उर्दू कवींनी त्यावर मनाची कितीतरी रूपकं बांधली. मीही कवी असल्याने मला वाटे, लख्ख म्हणजेच तयार. या सुरीने तो समज मोडला.

कोयत्यावरचा गंज हा खरं तर निरोप असतो: माझ्याकडे लक्ष दे. तो दिसला की माणूस दगड हातात घेतो. कोयता रोज कामात असतो, म्हणून रोज पाजवलाही जातो. टायटॅनियमची सुरी असा निरोप देत नाही. बोथट झाली तरी चमकतच राहते, आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी कळतं.

म्हणून भाच्याला मी एकच नेम घालून दिला. बोट सुटण्याआधी नायलॉनच्या दोराचा तुकडा ताणून बांधायचा आणि सुरी चालवून पाहायची. एका ओढीत तुटला नाही तर आधी दगड, मग समुद्र. परत आल्यावर सुरी गोड्या पाण्याने धुवायची, कारण पातं गंजत नसलं तरी मुठीतले पोलादी स्क्रू गंजतात, आणि खाऱ्या पाण्यात टायटॅनियमच्या सोबतीने जरा लवकरच गंजतात.

ऑगस्टमध्ये बहिणीचा फोन आला. म्हणाली, “भाई, पोरगा रोज पहाटे दोर कापत बसतो. घरातली सुतळी संपत आली.” मी म्हटलं, “सुतळी संपू दे. बाजारातून आणखी आण.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)