जुन्या लष्करी ट्रकची केबिन बदलताना



शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये, नाहीतर तिथल्या औद्योगिक पट्ट्यात काम करणारं कुणीतरी तुमच्या घरात किंवा ओळखीत असेलच. १९९५ साली स्थापन झालेल्या या झोनमध्ये बंदर आहे, पोलादाची कामं आहेत, यंत्रांची यार्डं आहेत. माझं काम संगणकाचं. पण यार्डांच्या हिशेबात ‘केबिन बदलणे’ अशी एकच ओळ दिसते, आणि तिच्यामागे किती काम असतं ते आज सांगायचं आहे. वाळवंटात फिरायला किंवा गावी शेतावर वापरायला फौजेतून निघालेला जुना ट्रक घेण्याचा तुमचा विचार असेल, तर ही ओळ नीट समजून घ्या.

आधी केबिनच का जाते? ट्रकची चासी जाड पोलादाची, केबिन पातळ पत्र्याची. समुद्राची खारी, दमट हवा आणि दरवाज्याच्या तळाशी, पायाखालच्या मॅटखाली साचणारं पाणी पत्रा खातं. इंजिन ठणठणीत आणि केबिन चाळणी, असे ट्रक म्हणूनच दिसतात.

दुसरी केबिन शोधताना फौजेच्या गाड्यांचा एक फायदा असतो. त्या मोठ्या संख्येने, एकाच साच्यात बनतात. अमेरिकेच्या अडीच टनी एम-३५ आणि पाच टनी एम-५४ या ट्रकांच्या केबिनचा मूळ साचा एकच. आपला ‘शक्तिमान’ जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून बनू लागला आणि कित्येक वर्षं बनत राहिला. पण स्टीअरिंगची बाजू पाहा. भारतातली केबिन उजव्या हाताची, अमिरातीत गाडी चालते डाव्या हाताची.

आता काम. चाकांना ठोकळे, बॅटरी सुटी, ब्रेकच्या टाकीतली हवा बाहेर. मग स्टीअरिंग, पेडल, गिअरचा दांडा, हवेच्या नळ्या, वायरिंग असा एकेक जोड सोडायचा. सोडण्याआधी फोटो काढायचा आणि चिठ्ठी बांधायची. आमच्याकडे जुनी प्रणाली बंद करताना आधी जोडण्यांची यादी करतात, तसंच हे. क्रेनने केबिन चार बोटं उचलून थांबायचं, भोवती फिरून काही अडकलंय का ते बघायचं, मगच वर घ्यायची. टांगलेल्या केबिनखाली कुणीही जायचं नाही. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम करायला अमिरातीत बंदी असते. म्हणून उचलण्याचं काम सकाळीच आटपेल असं ठरवायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केबिन चासीवर टेकते ती जागा. ट्रकची चासी शिडीसारखी असते आणि खडबडीत जमिनीवर ती पिळवटते. चाकं जमीन सोडू नयेत म्हणून ती तशीच बनवलेली असते. केबिनला मात्र हा पीळ सोसत नाही. म्हणून ती तीन-चार ठिकाणी रबराच्या गाद्यांवर बसवतात. घाईत जुनं कडक झालेलं रबर तसंच ठेवलं किंवा केबिन सरळ वेल्डिंगने जोडली, तर रंग कितीही चकचकीत असो, काही दिवसांत काचेच्या कोपऱ्यात चीर पडते आणि दरवाजे लागेनासे होतात.

वजनाचंही तसंच. २००३ नंतर इराकमध्ये अमेरिकी फौजेने एफएमटीव्ही ट्रकांच्या साध्या केबिन काढून चिलखती केबिन बसवल्या. माणसं वाचवण्यासाठी ते गरजेचंच होतं. पण अशा जड केबिनचा भार गाद्यांवर, पुढच्या स्प्रिंगवर आणि ब्रेकवर येतो. तुम्ही टपावर टाकी किंवा तंबू चढवणार असाल, तर हे आधी सांगा.

गाडी ताब्यात घेताना तीन गोष्टी स्वतः बघा. एक, पुढचं एक चाक फळीवर चढवून दोन्ही दरवाजे उघडून लावून पाहा. अडकले तर काम अपुरं आहे. दोन, केबिन आणि चासीमधली अर्थची पट्टी. रबरातून वीज जात नाही, त्यामुळे पट्टी राहिली तर दिवे लुकलुकतात आणि वायरी तापतात. तीन, चासी नंबर. गाडीची ओळख चासीवर असते, केबिनवर नाही. तो कागदपत्रांशी जुळला पाहिजे आणि त्यावर घासल्याची खूण नको. डॅशबोर्डवरच्या जुन्या पाट्या नव्या केबिनवर लावून घ्या.

आणि कागद पैशाच्या आधी. फ्री झोनमधून माल अमिरातीत आणला की साधारण ५ टक्के सीमाशुल्क लागतं, आणि लष्करी बनावटीच्या वाहनाची परवानगी वेगळी तपासावी लागते.

दरपत्रकात ‘केबिन बदलणे’ फारच स्वस्त दिसलं, तर एवढंच विचारा: नव्या रबरी गाद्या धरल्या आहेत का?