गाभा बदलताना

‘कर्नल’ म्हटले की फौजी अधिकारी डोळ्यांपुढे येतो. संगणकातला कर्नल मात्र दाण्यातल्या गरासारखा, प्रणालीचा गाभा. मेमरी, डिस्क, प्रोसेसर कुणाला किती मिळणार, हे तोच ठरवतो. लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ साली लिहायला घेतलेला लिनक्स हा असाच गाभा. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ २०२० साली जगातल्या ५०० वेगवान महासंगणकांच्या यादीत ६३वा आला. त्या यादीतले सगळेच लिनक्सवर चालणारे होते.

मग इतका नावाजलेला गाभा बदलायचा कशाला? २०१६ साली ‘डर्टी काऊ’ नावाची फट उघडकीस आली. ती २००७ पासून तिथेच होती. तिच्यातून साधा वापरकर्ताही सर्व्हरचा मालक होऊ शकत होता.

समजा, नाशिकमधल्या एखाद्या पतसंस्थेचा सर्व्हर आहे. आधी माहितीची प्रत दुसरीकडे ठेवावी. नवा कर्नल बसवताना जुना पुसू नये. दोघे शेजारी सुखाने नांदतात. मग सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा. पुष्कळजण नेमके इथेच थांबतात. नवा कर्नल डिस्कवर आला तरी मेमरीत जुनाच राबत असतो आणि फटही तशीच उघडी राहते. ‘युनेम’ या आज्ञेने कोणता कर्नल चालू आहे ते कळते. नवा रुसलाच, तर सुरुवातीच्या ‘ग्रब’ यादीतून जुना निवडावा.

रात्री दहा मिनिटे सर्व्हर बंद राहिला तर कुणाचे अडत नाही. फट उघडी राहिली तर मात्र ठेवीदाराच्या घामाच्या पैशाचा प्रश्न असतो.