वाळवंटातल्या वसाहती (लेखांक 6) : अंगरख्याखालचे सोने

टोनोपाची चांदी आपण गेल्या आठवड्यात पाहिली. तिथून दक्षिणेला साधारण 40 किलोमीटरवर, नेवाडाच्या त्याच उजाड पठारावर, 1902 च्या अखेरीस हॅरी स्टिमलर आणि विल्यम मार्श या दोघांना सोन्याचा माग लागला. चार-पाच वर्षांत तिथे गोल्डफील्ड वसले. ऐन भरात वस्ती वीस हजारांच्या आसपास गेली असावी, असा अंदाज आहे. राज्यात त्याहून मोठे शहर तेव्हा दुसरे नव्हते.

जमिनीखाली सोने होते, पण वर घर बांधायला लाकूड नव्हते आणि प्यायला पाणी नव्हते. पाणी पिंपाच्या हिशेबाने विकत घ्यावे लागे. 1905 मध्ये रेल्वे येईपर्यंत फळ्या, खिळे, पीठ, सारे काही खेचरांच्या गाड्यांतून येई. माणसे आधी कापडी तंबूंत राहिली. या पट्ट्यात कोणी मातीच्या विटा पाडल्या, तर कोणी रिकाम्या बाटल्या मातीत रचून भिंती उभ्या केल्या. समुद्रसपाटीपासून 1,700 मीटरवरच्या या गावात हिवाळ्याची रात्र तंबूत काढणे सोपे नव्हते.

आता खाणीकडे वळू. सुरुवातीच्या काळात अनेक मालक स्वतः खोदत नसत. जमिनीचे तुकडे ते थोड्या मुदतीच्या भाडेपट्ट्याने देत आणि निघालेल्या मालावर हिस्सा घेत. मुदत संपली की पट्टेदाराचा हक्क संपला. त्यामुळे प्रत्येक पट्टेदार घड्याळाकडे बघत खोदायचा. मोहॉक खाणीतला हेज आणि मोनेट यांचा पट्टा याचे गाजलेले उदाहरण आहे. 1906 मध्ये अवघ्या काही महिन्यांत त्यांनी सुमारे 50 लाख डॉलरांचा माल बाहेर काढला. त्यांनी पाठवलेल्या निवडक खनिजाच्या एकाच खेपेत, साधारण 47 टनांना, पावणेसहा लाख डॉलर मिळाले.

हा आकडा जरा उलगडून पाहावा, कारण गोल्डफील्डची पुढची सगळी कहाणी त्यात आहे. त्या मालाच्या एका किलोला 13 डॉलर पडत होते. खाणकामगाराची रोजची मजुरी होती 5 डॉलर. म्हणजे दिवसभर अंधारात घण आणि ड्रिल चालवून, दगडाची धूळ छातीत घेऊन तो जेवढे कमवी, त्याहून जास्त किमतीचे अर्धा किलो खनिज त्याच्या पायाशी पडलेले असे.

ते तो घरी नेऊ लागला. या चोरीला तिथे हायग्रेडिंग म्हणत. अंगरख्याखाली कप्पे शिवलेले कापडी पट्टे, विजारीच्या आतल्या लांब पिशव्या, दुहेरी तळाची टोपी, जेवणाचा डबा, सगळ्यांचा उपयोग होई. गावात खनिज पारखणारी दुकाने होती. त्यांतली कित्येक असा माल कमी भावात घेत आणि कुठून आला ते विचारत नसत. पट्टेदारही डोळेझाक करत. कामगार बिथरले आणि काम थांबले तर पट्ट्याचे मोलाचे दिवस वाया जाणार होते. खटला झालाच तरी शिक्षा ठोठावायला ज्यूरी सहसा तयार नसे. ही चोरी होती, हे मला नाकारायचे नाही. पण गावातल्या साध्या माणसालाही ती मजुरीतली तूट भरून काढण्याची रीत वाटत होती, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचा संघर्ष समजत नाही.

1906 च्या अखेरीस जॉर्ज विंगफील्ड आणि जॉर्ज निक्सन यांनी बहुतेक मोठ्या खाणी एका कंपनीखाली आणल्या : गोल्डफील्ड कन्सॉलिडेटेड. या कंपनीला घाई नव्हती, हिशेब होता. तिने कपडे बदलण्याच्या खोल्या आणल्या. पाळी संपली की कामगाराने कामाचे कपडे एका खोलीत उतरवायचे आणि पहारेकऱ्यासमोरून दुसऱ्या खोलीत जाऊन घरचे कपडे घालायचे. कामगारांना हा उघड अपमान वाटला आणि त्यावरून तंटे झाले. माझ्या मते त्यांचा संताप खरा होता. मालाचे नुकसान होत होते म्हणून रोज माणसाचे अंग तपासायचे, ही अट कोणाही स्वाभिमानी माणसाला जाचकच.

त्यातच 1907 च्या शरद ऋतूत अमेरिकेत आर्थिक घबराट पसरली. बँकांकडे रोकड उरली नाही आणि कंपनीने मजुरी कागदी चिठ्ठ्यांनी देऊ केली. वेस्टर्न फेडरेशन ऑफ मायनर्स या संघटनेने त्या चिठ्ठ्यांची हमी मागितली. ती मिळाली नाही आणि नोव्हेंबरच्या अखेरीस संप सुरू झाला. गावात मोठी दंगल नव्हती. तरीही मालकांच्या आग्रहावरून गव्हर्नर जॉन स्पार्क्स यांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे सैन्य मागितले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फौज गावात उतरली.

फौज आली आणि मालकांनी लगेच मजुरी 5 वरून 4 डॉलरवर आणली. फेडरेशन सोडल्याचे लिहून देईल त्यालाच काम, अशी अट घातली. रूझवेल्ट यांनी चौकशीसाठी तीन जणांचे मंडळ पाठवले. सैन्य बोलवावे इतकी परिस्थिती बिघडलीच नव्हती, असा त्याचा निष्कर्ष निघाला. पण फौज तातडीने परत गेली नाही. राज्याकडे स्वतःचे पोलीस दल नव्हते, म्हणून विधिमंडळाने जानेवारी 1908 मध्ये खास अधिवेशन भरवून ते उभारले आणि सैनिक मार्चमध्ये परतले. तोवर संघटना मोडून पडली होती.

त्याच वर्षी गोल्डफील्डचे चार मजली हॉटेल सुरू झाले. कंपनीने शंभर घणांची प्रचंड गिरणी उभारली, आणि पूर्वी टाकून दिला जाणारा हलका मालही आता तिथे दळून निघू लागला. 1910 मध्ये उत्पादन 1 कोटी 10 लाख डॉलरांच्या वर गेले. एवढे ते ना आधी कधी झाले, ना नंतर. त्याच वर्षीच्या जनगणनेत मात्र गावात सुमारे 4,800 माणसे उरली होती.