हजरत हाजरांनी घातलेला बांध

आपला नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. पाथर्डी, पारनेर, जामखेडकडच्या घरांना दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी आमची वडीलधारी माणसे अजूनही सांगतात. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, लाल मिलोच्या भाकरी खायच्या, मिळालेली सुकडी लेकरांत वाटायची. वुजूला पाणी नसले की शुद्ध मातीवर तयम्मुम करून नमाज पढायची. पोट रिकामे होते, तरी ओठांवर ‘अल्हम्दुलिल्लाह’ होते.

आणि आज? पाऊस लांबला की नमाज-ए-इस्तिस्कात आपले डोळे भरून येतात. पाऊस पडून टँकर बंद झाला, की तेच आपण नळ पूर्ण सोडून वुजू करतो. हे आमच्याही घरात घडते. प्रेषित मुहम्मद (स.) मात्र एक मुद्द, म्हणजे जेमतेम तांब्याभर पाण्यात वुजू करीत.

हजरत हाजरा (अ.) तान्ह्या इस्माईल (अ.) यांना घेऊन मक्केच्या ओसाड खोऱ्यात एकट्या राहिल्या. हा अल्लाहचाच आदेश आहे हे कळताच, तो आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही, अशी त्यांची खात्री झाली. तरीही त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये पाण्यासाठी सात फेऱ्या धावल्या. जमजम उफाळून आले तेव्हा त्यांनी लगेच भोवती मातीचा बांध घालून ते अडवले. त्यांचे धावणे हा तवक्कुल होता आणि बांध घालणे हा शुक्र.

हा धडा आपल्या जिल्ह्यातही पाहता येतो. हिवरे बाजारने 1989 नंतर समतल चर आणि बांध घालून पावसाचे पाणी अडवले, शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, उसासारखी पिके सोडली. दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा हिशोब मांडला जातो. याच गावाने आपल्या एकुलत्या एका मुस्लिम कुटुंबासाठी मशीदही बांधली. पाणी वाटून घेणाऱ्यांची मनेही मोठी होतात.

तेव्हा भगिनींनो, भावांनो, आजपासून वुजू तांब्याने करू या. मशिदीतले वुजूचे पाणी गटारात न सोडता झाडांना देऊ या. मुलांना सांगू या, की दुआ मागणारे हात बांधही घालतात.

अल्लाह आपल्याला टंचाईत सब्र आणि सुकाळात शुक्र देवो. आमीन.