दुकानाचा कॅमेरा, परिसराची राखण



या वार्तापत्रात माझ्याकडून आजवर रक्तदाब, मधुमेह, उन्हाळ्यातले पाणी असेच विषय आले. या वेळी दुकानातल्या कॅमेऱ्यावर लिहितो आहे. डॉक्टरचा आणि कॅमेऱ्याचा काय संबंध, असे कुणाला वाटेल. संबंध आहे, आणि तो वेळेचा आहे.

बेशुद्ध माणूस समोर आला की डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, "शेवटचे ठीक कधी पाहिले होते?" मेंदूत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि हे तास रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून मोजतात. दुकानाच्या मागच्या गोदामात एकटा काम करणारा मुलगा कोसळला, तर तो कधी कोसळला हे सांगायला तिथे दुसरे कुणी नसते. पण कॅमेरा असतो. पडण्याआधी हातपाय झटकले का, डोके कशावर आपटले का, हेही त्यात दिसते. मालकाने स्वतः पाहून रुग्णवाहिकेच्या लोकांना एवढे सांगितले तरी उपचाराची दिशा ठरायला मदत होते.

आपला करामा अशा मदतीला सोयीचा आहे. तळमजल्यावर ओळीने दुकाने, उपाहारगृहे, शिलाईवाले, औषधांची दुकाने. वर कुटुंबे आणि एकेका खोलीत मिळून राहणारी नोकरदार मुले. मागे गाड्या लावायची जागा आणि अरुंद गल्ल्या. दुकानाच्या दारावरचा कॅमेरा गल्ल्याची राखण करायला लावलेला असतो, पण समोरून जाणारा सायकलवाला, चुकलेले आजोबा, धक्का देऊन निघून गेलेली गाडी हे सगळे त्याच्या नजरेत येऊ शकते.

दुबईत हे काम केवळ मालकाच्या हौसेवर सोडलेले नाही. २०१६ च्या १२ क्रमांकाच्या कायद्याने सुरक्षा उद्योगाची नियामक संस्था, म्हणजे आपण जिला 'सिरा' म्हणतो ती, स्थापन झाली. कोणत्या व्यवसायाने कॅमेरे बसवायचे, कोणत्या दर्जाचे, कुणाकडून बसवून घ्यायचे, चित्रण किती दिवस जपायचे हे तिच्या नियमांत येते. साधारणपणे ३१ दिवसांचे चित्रण हाताशी असावे लागते. आपल्या व्यवसायाला नेमका कोणता नियम लागू आहे, ते परवानाधारक कंत्राटदाराकडून लेखी घेऊन ठेवावे.

खासगी कॅमेऱ्यांनी पोलिसांना काय दिले, याचे जगभर गाजलेले उदाहरण आपल्याच शहरातले आहे. १९ जानेवारी २०१० रोजी विमानतळाजवळच्या अल बुस्तान रोताना हॉटेलात हमासचे पदाधिकारी महमूद अल मबहूह यांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी खोली उघडली तेव्हा दार आतून बंद होते आणि प्रथमदर्शनी मृत्यू नैसर्गिक वाटला. पुढे संशय बळावला. तेव्हा दुबई पोलिसांनी विमानतळ, वेगवेगळी हॉटेले आणि एक मॉल इथले चित्रण गोळा करून ते वेळेच्या क्रमाने एकापुढे एक लावले. मबहूह लिफ्टमधून खोलीकडे जाताना त्यांच्या मागे टेनिसच्या वेषातली, हातात रॅकेट घेतलेली दोन माणसे दिसली. एक टक्कल असलेला माणूस स्वच्छतागृहात गेला आणि केसांचा टोप व चष्मा लावून बाहेर आला. फेब्रुवारीत पोलीसप्रमुख दाही खलफान तमीम यांनी अकरा संशयितांची छायाचित्रे आणि जोडलेले चित्रण जगापुढे ठेवले. पुढे संशयितांची संख्या वाढत गेली.

यात शिकण्यासारखे दोन धडे आहेत. पहिला असा, की एकाही कॅमेऱ्याने गुन्हा 'पाहिला' नव्हता. खोलीच्या आत कॅमेरा नव्हताच. अनेक ठिकाणची किरकोळ वाटणारी दृश्ये जुळली तेव्हा गोष्ट उभी राहिली. म्हणून माझ्या छोट्या दुकानाच्या कॅमेऱ्याने काय होणार, असे म्हणू नये. दुसरा धडा मर्यादेचा. कॅमेऱ्याने मृत्यू टाळला नाही, आणि चेहरे जगाला दिसूनही त्या खुनासाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

कॅमेरा लावल्याने गुन्हे कमी होतात का, हाही प्रश्न औषधासारखाच तपासावा लागतो. २०१९ मध्ये पिझा, वेल्श, फॅरिंग्टन आणि थॉमस या संशोधकांनी चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे सरासरी सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळले. सर्वांत जास्त फरक वाहनतळांवर पडला. मारहाणीसारख्या हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळक परिणाम दिसला नाही. म्हणजे औषध गुणकारी आहे, पण रामबाण नाही. दिवे, वावर आणि शेजाऱ्यांचे लक्ष यांची जागा ते घेत नाही.

कॅमेऱ्याचा आणखी एक उपयोग आपण विसरतो. तो निरपराध माणसाला वाचवू शकतो. फेब्रुवारी २०१० मध्ये वाराणसीच्या एका हॉटेलात इटलीच्या एका पर्यटकाचा मृत्यू झाला आणि त्याच्याबरोबरच्या दोघांना खुनासाठी जन्मठेप झाली. हॉटेलात कॅमेरे होते, पण त्यांचे चित्रण न्यायालयापुढे आलेच नाही. जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांची सुटका केली. सर्वांत चांगला पुरावा हाताशी असून तो पुढे आणला नाही, यावर न्यायालयाने बोट ठेवले, आणि गळा दाबल्याच्या वैद्यकीय निष्कर्षावरही शंका घेतली. पाच वर्षे दोन माणसे तुरुंगात होती. डॉक्टर म्हणून हा निकाल मला विशेष लक्षात राहिला. मृत शरीर सगळेच सांगत नाही. कोण आत गेले, कोण बाहेर आले, हे कधी कधी भिंतीवरचे यंत्रच सांगू शकते.

याची उलटी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १ जानेवारी २०१६ पासून आठ पेट्रोल पंपांनी आपले कॅमेरे थेट पोलिसांशी जोडले, आणि पुढे ती योजना पुष्कळ वाढली. त्याच शहराच्या पोलिसांकडून २०२० मध्ये एका दुकानातल्या चोरीच्या अस्पष्ट चित्रावरून, संगणकाने चेहरा 'ओळखला' म्हणून, भलत्याच माणसाला त्याच्या घरून अटक झाली. धूसर क्ष-किरण चित्रावरून निदान करू नये, तसेच धूसर चित्रावरून माणूसही ठरवू नये. म्हणून चित्र स्पष्ट ठेवणे आपले काम, आणि त्याचा अर्थ लावणे पोलिसांचे.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते क्रमाने सांगतो.

पहिले घड्याळ. चित्रण साठवणाऱ्या यंत्राची वेळ पुष्कळदा भलत्याच देशाची असते. आपली वेळ जागतिक वेळेच्या चार तास पुढे आहे. यंत्रावरची वेळ मोबाईलशी महिन्यातून एकदा जुळवून पाहावी. घड्याळ चुकलेले चित्रण म्हणजे पारा अडकलेला थर्मामीटर. तीन दुकानांची तीन घड्याळे वेगळी असली, तर एका माणसाचा रस्ता जोडताना पोलिसांचे तास वाया जातात.

दुसरे अंतर. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी दृश्याच्या एक मीटर रुंदीत सुमारे २५० ठिपके असावे लागतात. फुल एचडी कॅमेऱ्यात आडवे १९२० ठिपके असतात. हिशेब करा: असा कॅमेरा साडेसात मीटरपेक्षा रुंद दृश्य दाखवू लागला, की माणूस दिसतो पण अनोळखी चेहरा खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून एक कॅमेरा केवळ दाराकडे, फार उंच नको, असा ठेवावा. आपल्याकडे बाहेर कडक ऊन आणि आत सावली असते. आत येणाऱ्याचा चेहरा काळा पडतो. त्यासाठीची सोय कॅमेऱ्यात असते, ती कंत्राटदाराकडून सुरू करून घ्यावी. धुळीचे वारे येऊन गेल्यावर भिंग पुसावे.

तिसरी साठवण. कॅमेऱ्याचा दिवा लागलेला असतो, पण आत डिस्क बंद पडलेली असते, असे होऊ शकते. दर महिन्याला वीस-पंचवीस दिवसांपूर्वीचे पाच मिनिटांचे चित्रण काढून पाहावे. दिसले तर सगळे ठीक.

चौथा पासवर्ड. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललाच पाहिजे. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि चित्रणयंत्रे ताब्यात घेतली, आणि त्यांच्या मदतीने मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली.

पाचवी गोष्ट म्हणजे घटना घडल्यावरची शिस्त. तातडीचे असेल तर ९९९, रुग्णवाहिकेसाठी ९९८, आणि तातडी नसलेल्या पोलीस कामासाठी ९०१. कॅमेऱ्याचा क्रमांक, तारीख, वेळ आणि कुणी पाहिले, हे वहीत लिहावे. पोलिसांनी मागितल्यावर मूळ यंत्रातूनच प्रत द्यावी; पडद्याचे मोबाईलवर पुन्हा चित्रण करू नये. रक्ताचा नमुना आपण नाव-वेळ लिहून, सील करून पाठवतो, त्याचेच हे भावंड आहे. ज्यांची दुकाने महाराष्ट्रातही आहेत त्यांनी एक ध्यानात ठेवावे. जालन्याच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की, मूळ यंत्र हजर न करता चित्रणाची प्रत पुरावा म्हणून द्यायची असेल, तर ठरावीक प्रमाणपत्र सोबत हवेच. नवा साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्यातही प्रमाणपत्र आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: चित्रण ही बातमी नाही. पडलेली बाई, जखमी स्वार, चोरीचा संशय असलेला मुलगा यांची दृश्ये व्हॉट्सॲपवर फिरवणे या देशात गुन्हा ठरू शकतो. २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या संघीय कायद्याच्या ४४ व्या कलमात खासगीपणाचा भंग करणाऱ्याला किमान सहा महिने कैद आणि दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा यांपैकी एक, अशी तरतूद आहे. अपघातात जखमी किंवा मृत झालेल्यांची चित्रे पसरवणेही त्यात येते. हेतू मदतीचा होता, हे सांगून भागत नाही. स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची जागा, कामगारांची झोपण्याची खोली इथे कॅमेरा नकोच. कामगारावर पाळत ठेवण्यासाठी त्याचा वापर करणारा मालक शेजाऱ्यांचा विश्वासही गमावतो.

हा विश्वास कुणासाठी जपायचा? भारतातून मुलाकडे आलेले, विसराळूपणा जडलेले आजोबा दार उघडे दिसले म्हणून खाली उतरतात आणि सगळ्या इमारती सारख्या दिसू लागतात. अशा रुग्णाला आपण चुकलो आहोत हेच उमगत नाही, म्हणून तो रस्ता विचारत नाही, चालत राहतो. उन्हाळ्यात दोन तासांत त्याच्या जिवावर बेतते. घरच्यांनी लगेच पोलिसांना कळवले आणि पाच दुकानांची घड्याळे बरोबर असली, तर तो कुठल्या कोपऱ्यावर डावीकडे वळला, हे काही मिनिटांत कळू शकते. रात्री दुचाकीवरून जेवण पोचवणाऱ्या मुलाला गाडीने उडवले, तर गावाकडच्या घरच्यांना मिळायची भरपाईही दोष कुणाचा यावर अवलंबून असते. त्याच्या बाजूने बोलणारा साक्षीदार कधी कधी बंद दुकानाच्या दारावरच असतो.

म्हणून या वेळचे आवाहन पैशाचे नाही. परवान्याशिवाय निधी गोळा करणे इथे चालत नाही, हे आपण सारे जाणतो. मागणे वेळेचे आहे. व्यापारी बंधू-भगिनींनी या महिन्यात अर्धा तास काढून घड्याळ, भिंग, साठवण आणि पासवर्ड या चार गोष्टी तपासाव्यात. तरुण मुलामुलींनी, ज्यांना ही यंत्रे समजतात त्यांनी, वयस्कर दुकानदाराला त्याच्या देखत आणि त्याच्या परवानगीने मदत करावी. ज्यांच्या घरी विसराळू ज्येष्ठ आहेत त्यांनी त्यांच्या खिशात नाव आणि फोन क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी, आणि त्यांचा अलीकडचा फोटो आपल्या मोबाईलमध्ये असू द्यावा.

कॅमेरा माणुसकीची जागा घेणार नाही. पण माणुसकी असलेल्या शेजाऱ्याच्या हाती तो चांगला उपयोगी पडतो. आपणा सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.